थायरॉईडची गोळी रोज न चुकता घेऊनही टीएसएच (थायरॉईडचं हार्मोन कमी पडलं की रक्तात वाढणारा आकडा) वाढतोच आहे. गोळीची कंपनी बदलू का?

कंपनीचं नंतर बघू. आधी हे सांगा, गोळी घेतल्यावर पुढच्या चार तासांत पोटात आणखी कुठली औषधं जातात?

माझ्या आईचा टीएसएच गोळीच्या 75 मायक्रोग्रॅम डोसवर कितीतरी वर्षं 3 च्या आसपास होता. मग ती पडली, मनगट मोडलं, कॅल्शियम सुरू झालं. काही महिन्यांनी टीएसएच 11. डॉक्टर म्हणाले, गोळ्या चुकताहेत, आणि डोस 100 केला. पुढच्या वेळी 9, मग डोस 125. दादा तर तिच्या तोंडावर म्हणाला, "आई, तू विसरतेस हल्ली." ती काही बोलली नाही. आत गेली, बाटली आणून पलंगावर उपडी केली आणि उरलेल्या गोळ्या त्याच्यासमोर मोजल्या. हिशेब बरोबर निघाला. तरी त्याचं मत बदललं नाही.

पुढे मी तिच्याकडे राहायला गेलो, तेव्हा सकाळी पाहिलं. थायरॉईडची गोळी आणि कॅल्शियम ती एकाच घोटात घेत होती. दोन्ही रोज, वेळेवर. "केव्हा घेता?" हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडच्या गोळीतलं हार्मोन, लहान आतड्यात शोषलं जातं, आणि उपाशीपोटी घेतलं तरी साधारण 60 ते 80 टक्केच. कॅल्शियम आणि लोह त्याला आतड्यातच बांधून ठेवतात. रक्तात हार्मोन कमी पडलं की मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी टीएसएच वाढवते. गोळी विसरली काय किंवा आतड्यात अडकली काय, रिपोर्ट सारखाच येतो. म्हणूनच नुसता रिपोर्ट बघून माणसाला खोटं पाडणाऱ्यांचा मला राग येतो. अँटासिड, ओमेप्राझोल, गोळीपाठोपाठ घेतलेली कॉफी, यांनीही शोषण घटतं. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांची तऱ्हा वेगळी: त्यांनी थायरॉक्सिनला धरून ठेवणारं रक्तातलं प्रथिन वाढतं, त्यामुळे डोस वाढवावा लागू शकतो.

मी कॅल्शियम दुपारी आणि रात्री केलं. डॉक्टरांना मात्र सांगितलं नाही, ही माझी चूक. डोस 125 च राहिला आणि आता तो नीट अंगी लागायला लागला. दोन महिन्यांत छातीत धडधड, हाताला कंप, टीएसएच 0.1, म्हणजे आता हार्मोन जास्त झालं. तेव्हा वेळा बदलायच्या आधी डॉक्टरांशी बोला. थायरॉक्सिनचं अर्धायुष्य (शरीरातलं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा वेळ) साधारण 7 दिवसांचं असतं, म्हणून कुठल्याही बदलानंतर 6 ते 8 आठवड्यांनी तपासणी करा, त्याआधीचा आकडा फसवतो. कंपनी बदललीत तरी हाच नियम, आणि सारखी बदलू नका.

आई आता परत 75 वर आहे, टीएसएच 3.2. रिपोर्ट दादाला पाठवला, तर उत्तर आलं, "बरं झालं." अशा वेळी "चुकलो" म्हणायचं असतं, आणि तेही आईला.