काकाजी गेले, मावशींचा पगार राहिला

"वडील गेले. त्यांना सांभाळणाऱ्या मावशी म्हणतात, पगार थकलाय. लेखी काहीच नाही. द्यावाच लागतो का?" हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. नागपुरात म्हातारी माणसं एकटी आणि मुलं पुण्या-बंगलोरला, अशी घरं कितीतरी.

प्रतापनगरच्या अशाच एका घरात तेरवी होताच मावशींनी नऊ महिन्यांचे १,०८,००० रुपये मागितले. मुलगा भडकला, "बाबांना पेन्शन होतं, ते कुणाचे ठेवतील कशाला?" मावशी म्हणाल्या, "काकाजी म्हणत, पोरगा आला का एकदम देतो. मले भीक नको, माह्या कामाचे द्या."

मुलाला मी आधी एवढंच सांगितलं : थकलेला पगार हे वडिलांचं देणं आहे. ते त्यांनी मागे ठेवलेल्यातून, वाटणीआधी फेडायचं. तुझ्या खिशातून नव्हे. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याचं कलम ३२२ तर घरकामगाराच्या, मृत्यूपूर्वीच्या तीन महिन्यांतल्या मजुरीला इतर कर्जांच्या आधी जागा देतं. मला हे फार योग्य वाटतं.

मग पुरावा शोधला. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाखाली काकाजींच्या थरथरत्या अक्षरात 'पगार दिला' असं दर महिन्याला होतं. शेवटचे सात महिने ते नव्हतं; मात्र दोनदा 'उचल ५०००' होती. पासबुकही तेच सांगत होतं : त्या महिन्यांतलं पेन्शन सगळं दवाखान्यात गेलेलं. मावशींनी दोन महिने जास्त धरले होते आणि उचल विसरल्या होत्या. त्यांनी ते लगेच मान्य केलं. बारा हजारांप्रमाणे ८४,०००, त्यातून उचल वजा जाता ७४,०००.

तरी मुलगा गप्पच. बऱ्याच वेळाने म्हणाला, "शेवटचं पाणी तिच्या हातचं प्यायले ते." त्यानंतर त्याने रकमेवर घासाघीस केली नाही.

काकाजींनी अंगठी देऊ केली होती, असंही मावशी म्हणत होत्या. पण मृत्युपत्र नव्हतं. तोंडी शब्दावर ती हक्काने मागता येत नाही. तो विषय पगारात मिसळू दिला नाही. जमलंच नसतं, तर मी त्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवलं असतं. तिथे महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते आणि दावा दाखल होण्याआधीच लोकअदालतीत तडजोड करता येते. फक्त वर्षानुवर्षं थांबू नये. थकलेल्या पगाराच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते.

पैसे चेकने दिले. पावतीत कोणत्या महिन्यांचा पगार, उचल किती वजा, आता काही बाकी नाही, हे लिहून मावशींनी, मुलाने आणि त्याच्या भावंडाने सह्या केल्या.