हिशेब जुळत नाही? मुलांच्या पैशांच्या गणिताविषयी प्रश्नोत्तरे

प्रश्न : मुलगी तिसरीत आहे. वहीत हातच्याची वजाबाकी बरोबर करते. पण १०० ची नोट देऊन ६३ रुपयांची वस्तू घेतली तर परत किती मिळतील, असं तोंडी विचारलं की ४७ म्हणते. असं का होतं?

उत्तर : ४७ हे अंदाजपंचे आलेलं उत्तर नाही. एककातल्या ३ ला ७ मिळवून तिने १० केले आणि दशकातल्या ६ ला ४ मिळवून पुन्हा १० केले. एककांतून एक नवा दशक तयार झाला, तो मोजायचा राहिला. वहीत हातचा डोळ्यांसमोर लिहिलेला असतो, म्हणून तिथे ही चूक दिसत नाही.

सुट्या पैशांसाठी तोंडी वजाबाकी करायला लावूच नका, वर मोजायला लावा. समोर नाणी आणि नोटा ठेवा. सुरुवात ६३ पासून. २ चं नाणं ठेवलं, ‘पासष्ट’. ५ चं ठेवलं, ‘सत्तर’. १० ची नोट, ‘ऐंशी’. २० ची नोट, ‘शंभर’. आता ठेवलेले पैसे मोजायचे : ३७. मोठ्याने बोलायची ती पोचलेली रक्कम, ठेवलेलं नाणं नव्हे. ‘दोन, पाच, दहा’ असं म्हणत गेलं की आपण कुठवर आलो हेच मूल विसरतं.

उत्तर ३८ आलं, तर चूक वेगळी आहे. ‘त्रेसष्ट’ म्हणतानाच पहिला रुपया ठेवला गेला. अशा वेळी सुरुवातीची रक्कम कागदावर लिहून बाजूला ठेवा आणि पहिलं नाणं त्यानंतरच उचलू द्या.

खऱ्या पैशांनी जमलं की कागदावर आडवी रेघ मारून तेवढ्याच उड्या काढायच्या, मग तोंडी. पडताळा सोपा आहे : १०० मधून सुटे घेताना दोन्ही रकमांच्या एककांची बेरीज १० आणि दशकांची ९ यायला हवी. (एकक शून्य असेल तर दशकांचीच बेरीज १०.) हे पक्कं झाल्यावर विचारा, ‘१०० ऐवजी १०३ दिले तर?’ चाळीस सरळ हातात का येतात, ते तिचं तिला शोधू द्या.

प्रश्न : मुलगा पाचवीत आहे. ‘पावणेतीनशे’ सांगितलं की ३७५ लिहितो. ‘एकोणसत्तर’चे ७९ करतो. आकडे लिहून दिले की गणित बरोबर येतं.

उत्तर : म्हणजे गणित ठीक आहे, रक्कम ऐकण्यात गोंधळ आहे. सव्वा, साडे आणि पावणे हे पुढे येणाऱ्या एककाच्या पाव-अर्ध्यावर चालतात, हे त्याला उघड सांगा. शंभराचा पाव २५, हजाराचा पाव २५०. म्हणून पावणेतीनशे म्हणजे ३०० उणे २५, २७५. आणि पावणेतीन हजार म्हणजे ३००० उणे २५०, २७५०. इथे पुष्कळ मुलं २९७५ लिहितात, कारण ‘पावणे म्हणजे पंचवीस कमी’ एवढंच पाठ झालेलं असतं. दीड आणि अडीच या नियमात बसत नाहीत. दीडशे, दीड हजार, अडीचशे, अडीच हजार हे वेगळे घोकून घ्यावेत.

‘एकोण’चंही तसंच : पुढच्या दशकातून एक कमी. सराव एकाच दिशेने करा. तुम्ही बोला, त्याने आकड्यांत लिहावं. रोज दहा रकमा पुरेत, पण त्यांत सव्वासातशे आणि पावणेसातशे अशा जोड्या मुद्दाम घाला.

प्रश्न : ५ रुपये ५ पैसे ही रक्कम मुलगी ५.५ अशी लिहिते.

उत्तर : दशांश चिन्हानंतर पैशांसाठी नेहमी दोन घरं. रिकामं राहिलेलं घर शून्याने भरायचं : ५.०५. चौकटीच्या कागदावर चिन्हाखाली चिन्ह येईल असं लिहायला लावलं की हे लवकर सुधारतं. कॅल्क्युलेटर मात्र ७.५० ऐवजी ७.५ दाखवतो. तो ‘सात रुपये पाच पैसे’ असा वाचला जातो, त्यावर नजर ठेवा.

प्रश्न : सातवीतल्या मुलांना वस्तूंवरच्या सवलती कशा तपासायला शिकवाव्यात? मोठं पाकीट नेहमी स्वस्तच पडतं का?

उत्तर : नेहमी नाही, आणि तपासायला एकच रीत पुरते : दोन्ही पाकिटांचा दर सारख्याच वजनावर आणायचा. समजा २०० ग्रॅमला ४६ रुपये आणि ५०० ग्रॅमला ११० रुपये. १०० ग्रॅमला अनुक्रमे २३ आणि २२ पडतात. मोठं पाकीट स्वस्त आहे, पण १०० ग्रॅममागे फक्त एका रुपयाने. संपण्याआधी थोडंसं जरी खराब झालं तरी फायदा गेला. नेहमीच्या चुका दोन. एकीकडे ग्रॅम आणि दुसरीकडे किलो तसेच ठेवून भागाकार करणे ही एक. दुसरी म्हणजे किमतीला वजनाने भागण्याऐवजी वजनाला किमतीने भागणे. तसं केलं तरी तुलना होते, पण मग मोठा आकडा स्वस्त ठरतो. मुलं मात्र सवयीने लहान आकडाच निवडतात.

सवलतींचे तीन नमुने सोडवून घ्या. ‘दोनवर एक मोफत’ म्हणजे तीन नग दोनाच्या किमतीत, सूट साधारण ३३ टक्के. ‘त्याच किमतीत २० टक्के जास्त’ ही २० टक्के सूट नव्हे. १०० च्या किमतीत १२० मिळतात, म्हणजे सूट १६.६७ टक्के. आणि ‘२० टक्के, वर आणखी १० टक्के’ म्हणजे १०० चे ८० आणि ८० चे ७२. एकूण सूट २८ टक्के. तिसऱ्यात बहुतेक सगळे ३० म्हणतात, मोठी माणसंसुद्धा.

प्रश्न : आठवीतल्या मुलाला महिन्याला ६०० रुपये देतो. पंधरा दिवसांत संपतात. वही घालून दिली, पण वहीतली शिल्लक आणि हातातले पैसे कधीच जुळत नाहीत, म्हणून त्याने लिहिणं सोडलं.

उत्तर : यात दोन वेगळ्या अडचणी आहेत.

पैसे पुरत नाहीत, कारण ६०० हा आकडा त्याला खर्चायला मोकळा दिसतो. महिन्याच्या पहिल्याच दिवशी ठरलेले खर्च बाजूला काढा : समजा ये-जा २००, वह्या-पेनं १००. बचत ६०, तीही आधीच. उरलं तर टाकू म्हटलं की उरत नाही. राहिले २४०. याचे चार आठवडे करून ६०-६० वाटू नका, कारण चार आठवड्यांचे २८ च दिवस होतात आणि शेवटचे दोन दिवस कोरडे जातात. ३० ने भागा : रोजचे ८, आठवड्याचे ५६, चार आठवड्यांचे २२४ आणि शेवटच्या दोन दिवसांसाठी १६. प्रत्येक आठवड्याचे पैसे वेगळ्या पाकिटात ठेवले तर उत्तम.

पहिल्या महिन्यात ‘हे कशाला घेतलंस?’ असं विचारू नका. विचारलं की नोंदी गाळल्या जातात आणि वही निरुपयोगी होते.

आता न जुळण्याविषयी. वहीत पाच रकाने हवेत : तारीख, कशासाठी, जमा, खर्च, शिल्लक. शिल्लक प्रत्येक ओळीत काढायची, महिनाअखेरीस एकदम नाही. आठवड्यातून एकदा पैसे मोजायचे आणि फरक आला तर तो आकडाच वाटाड्या समजायचा. वहीत जास्त आणि हातात कमी असेल तर बहुधा एखादा खर्च लिहायचा राहिला; फरकाएवढी खरेदी आठवा. वहीत कमी असेल तर एखादा खर्च दोनदा लिहिला गेला असेल.

तसं काही सापडलं नाही आणि फरक सम असेल, तर त्याच्या निम्मी रक्कम नोंदींत शोधा. ३५ चा खर्च चुकून जमेत गेला की फरक ७० चा पडतो. फरकाला ९ ने नि:शेष भाग जात असेल तर अंकांची अदलाबदल झाल्याचा संशय घ्या : ८२ ऐवजी २८ लिहिले की फरक ५४. शून्य जास्त पडलं तरी हेच होतं. ५० चे ५०० झाले की फरक ४५०. हा पुरावा नव्हे, फक्त कुठे पाहायचं याची खूण. मुलांना हा शोध आवडतो, वही सोडून दिलेल्यांना तर जास्तच.

शोधूनही सापडलं नाही तर ‘न लागलेला फरक’ अशी एक ओळ लिहून शिल्लक हातातल्या पैशांशी जुळवा आणि पुढे चला.

प्रश्न : महिन्याच्या मधेच मुलगी पुढच्या महिन्यातले पैसे उसने मागते. द्यावेत का? दिले तर वहीत कुठे लिहायचे?

उत्तर : गरज खरी असेल तर द्या, पण लिहून. या महिन्यात ती रक्कम जमेत, शेजारी ‘उसने’ अशी नोंद. आणि त्याच क्षणी पुढच्या महिन्याचं पान काढून तिथे पहिल्या ओळीत जमा पूर्ण दाखवायची, दुसऱ्या ओळीत तेवढीच परतफेड खर्चात. ६०० जमा, १५० परत, शिल्लक ४५०. ही दुसरी ओळ पैसे हातात देण्याआधी तिच्याकडूनच लिहून घ्या. ४५० मध्ये ठरलेले खर्च बसतात का, ते तिथेच दिसतं. बसत नसतील तर परतफेड दोन महिन्यांत ७५-७५ अशी वाटा.