ब्रिटिशकालीन विवाह रजिस्टर उतरवून काढताना स्पेलिंग दुरुस्त करायचं का?

तुमचा प्रश्न असा की पणजोबांचं लग्न 1890 च्या दशकात नगरकडच्या एका चर्चमध्ये लागलं, त्या रजिस्टरच्या पानांचे फोटो मिळालेत आणि आता टाइप करताना नावांची स्पेलिंगं सुधारायची का. नाही सुधारायची. कितीही चुकीचं दिसलं तरी कागदावर जे अक्षर आहे तेच टाइप करा आणि तुम्हाला काय वाटतं ते शेजारच्या वेगळ्या कॉलममध्ये लिहा. मी बरीच वर्षं हे काम करतोय, आणि याच्याएवढा महत्त्वाचा दुसरा नियम मला तरी सापडलेला नाही.

कारण असं की नावाचा कॉलम पाद्र्याने किंवा त्याच्या कारकुनाने कानाला ऐकू आलं तसा इंग्रजीत भरलेला असतो. विठू, भिकाजी, लक्ष्मण ही नावं एकाच पानावर दोन तऱ्हांनी दिसू शकतात, आडनाव कधी असतं कधी नसतं, नुसतं नाव आणि बापाचं नाव. तिथे तुम्ही आज घरात चालतं ते आडनाव घातलंत की नंतर तुमची शीट वापरणाऱ्याला वाटणार की 1890 पासून हेच आडनाव होतं, आणि मग तो पुढचं अख्खं वंशावळीचं झाड त्यावर उभं करणार.

आता सह्यांकडे बघा, माझ्या मते सगळ्यात मौल्यवान भाग तोच. पूर्ण पानावर घरच्या माणसांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली तेवढीच एक जागा असते. सही मोडीत किंवा बाळबोधमध्ये (म्हणजे देवनागरीत) असेल तर नावाचा खरा उच्चार तिथे मिळतो, ल की ळ, न की ण, जे इंग्रजी कॉलममधून कधीच कळणार नाही. मोडी वाचता येत नसेल तर सही सोडून देऊ नका, 'मोडी सही, वाचायची आहे' अशी नोंद करून ठेवा आणि मोडी जाणणाऱ्याला दाखवा. सहीच्या जागी फुली असेल तर फुली आहे असंच लिहा, तीसुद्धा माहिती आहे. साक्षीदारांची नावंही आळस न करता उतरवा, मामा, मेव्हणे, शेजारी बरेचदा तिथेच सापडतात. आईच्या नावाला त्या फॉर्ममध्ये कॉलमच नव्हता, त्यामुळे आजोळकडचा दुवा साक्षीदारांतूनच लागला तर लागतो.

तुमचे फोटो मूळ रजिस्टरचे आहेत की नकलेचे हे आधी तपासा. त्या काळी चर्चच्या नोंदींच्या नकला लंडनला जायच्या, त्या आज ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिस रेकॉर्ड्सच्या (लंडनमधल्या भारत खात्याच्या जुन्या कागदपत्रांच्या) एन सिरीजमध्ये आहेत (एन/1 बंगाल, एन/2 मद्रास, एन/3 मुंबई). नकलेत वर-वधूच्या सह्यासुद्धा कारकुनाच्याच अक्षरात असतात, म्हणजे सगळं पान एकाच हाताचं दिसलं तर समजा ही नक्कल आहे. शिवाय त्या सिरीजमध्ये मुख्यतः युरोपियन आणि अँग्लो-इंडियन कुटुंबं आहेत. 1872 च्या ख्रिश्चन मॅरेज अ‍ॅक्टप्रमाणे देशी ख्रिस्ती लोकांच्या लग्नांची नोंदवही वेगळी ठेवायची होती, त्यामुळे मराठी ख्रिस्ती घराण्यासाठी मूळ चर्च किंवा मिशनची कागदपत्रं शोधणं जास्त फायद्याचं. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम 1831 पासून होतं.

अक्षर लागत नसेल तर अंदाज बांधत बसू नका. बॅचलर, स्पिन्स्टर (अविवाहित बाई), विडो हे शब्द आणि गावाचं नाव दर नोंदीत परत परत येतं, आणि तुम्हाला ते काय आहे हे आधीच माहीत असतं. त्यावरून त्या कारकुनाचा कॅपिटल एस कसा, एल कसा, टी आणि एफ मध्ये फरक काय हे एका कागदावर काढून ठेवा मग नावं वाचा. तरी शंका राहिली तर तेवढं अक्षर चौकोनी कंसात प्रश्नचिन्ह लावून लिहा. डिट्टोच्या ('वरच्यासारखंच' सांगणाऱ्या) खुणा पण तशाच ठेवा, अर्थ शेजारच्या कॉलममध्ये.

वयाचं पण तेच. वधूचं वय 14 दिसलं तर ते 24 असेल असं समजून बदलू नका, देशी ख्रिस्ती लग्नाच्या दाखल्यासाठी त्या कायद्यात वयाची किमान अट मुलगा 16 च्या वर आणि मुलगी 13 च्या वर अशी होती.

एक्सेल वापरत असाल तर तारखेचे दिवस, महिना, वर्ष असे तीन कॉलम करा, कारण एक्सेल 1900 च्या आधीची तारीख तारीख म्हणून ओळखतच नाही आणि सॉर्ट करताना सगळा गोंधळ होतो. दर ओळीला फोटोच्या फाइलचं नाव आणि पान नंबर हवाच, नाहीतर सहा महिन्यांनी एखादी नोंद परत तपासायची म्हटलं तर सगळे फोटो उघडत बसावं लागतं.

आणि हवी ती नोंद त्या पानांत नाहीच मिळाली तर शोध एकाच इलाख्यापुरता (मुंबई, मद्रास, बंगाल हे ब्रिटिशांचे मोठे प्रांत) ठेवू नका. पणजोबा किंवा त्यांचे वडील छावणीत नोकरीला होते का हे घरात विचारा. पुणे, खडकी, नगर मुंबईकडे, पण नागपूरजवळच्या कामठीला मद्रास आर्मीची छावणी होती, त्यामुळे तिथलं लग्न असेल तर मद्रासची एन/2 पण बघा. सर्च करताना जुनी स्पेलिंगं टाका, खडकीला किरकी, ठाण्याला टॅना, अहमदनगरमधल्या 'नगर'च्या स्पेलिंगमध्ये दोन जी आणि यू (Nuggur).