सायकलवाला रस्त्याच्या मधेच का चालतो?

गेल्या अंकात मी सहज दोन ओळी लिहिल्या होत्या की सायकलवाल्याच्या अगदी मागे येऊन हॉर्न वाजवू नका, तो दचकतो. झालं. तेवढ्यावरून इतकी पत्रं आणि मेसेज आले की हा महिना पूर्ण त्यातच गेला, त्यामुळे सोसायटीच्या पार्किंगचे प्रश्न पुढच्या वेळी. आधीच सांगून टाकते, मी आठवड्यातले पाच दिवस सायकलने ऑफिसला जाते आणि रविवारी सासूबाईंना घेऊन कार चालवते, त्यामुळे दोन्हीकडच्या शिव्या मी खाल्ल्यात आणि (मनातल्या मनात) दिल्यासुद्धा आहेत.

प्रश्न : ताई, मी रोज कोथरूडहून डेक्कनला कारने जातो. कर्वे रोडला सकाळी एखादा सायकलवाला पुढे असला की संपलं. डावीकडे जागा असते तरी हा लेनच्या मधून चालणार, हॉर्न दिला तरी ढिम्म. रोड टॅक्स आम्ही भरायचा आणि रस्ता यांनी अडवायचा, हे कुठलं लॉजिक? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : दादा, तुम्हाला जी डावीकडची जागा दिसते ना ती कारमधून दिसते. एकदा चालत जाऊन बघा. कडेचे तीनेक फूट म्हणजे काय असतं तर चेंबरची झाकणं, त्यातलं एक चार बोटं खाली गेलेलं आणि एक वर आलेलं, डांबर आणि पेव्हर ब्लॉकच्या मधली फट, जिच्यात सायकलचं चाक बरोब्बर बसतं, पसरलेली खडी, गेल्या वर्षीच्या मांडवाचे न बुजवलेले खड्डे, आणि मधेच उभी केलेली रिक्षा. सायकलचं हँडल दोन फुटांचं, त्यात माणूस थोडा डुलत चालतो, तोल सांभाळायचा तर डुलावंच लागतं. आता तो अगदी कडेने गेला आणि पुढे रिक्षा आली की त्याला एकदम उजवीकडे यावं लागणार, म्हणजे नेमकं तुमच्या बॉनेटसमोर. त्यापेक्षा आधीपासूनच एक सरळ रेघ धरून, कडेपासून मीटरभर आत चालला तर तो तुम्हाला दिसत राहतो आणि पुढे काय करणार याचा अंदाजही येतो. तुम्हाला जो माज वाटतो तो बहुतेक वेळा जीव वाचवायचा प्रकार असतो.

आणि तो ढिम्म नसतो हो, तो घाबरलेला असतो. मागून हॉर्न आला की मान वळवून बघावं असं वाटतं पण मान वळवली की हँडल वळतं, त्यामुळे आम्ही खांदे आवळून सरळ चालत राहतो. मागून बघणाऱ्याला वाटतं की काही फरकच पडत नाहीये.

आता वेळेचा हिशोब करू, कारण राग खरा त्याचाच असतो. सायकलवाला ताशी 18 किलोमीटरने चालला तर 200 मीटरला त्याला 40 सेकंद लागतात. तुम्ही मोकळ्या रस्त्यावर ताशी 36 ने गेलात तर 20 सेकंद. म्हणजे 200 मीटर त्याच्या मागे अडकलात तर नुकसान 20 सेकंदांचं, आणि ते वाचवून पुढे गेलात तरी नळ स्टॉपच्या सिग्नलला तो तुमच्या शेजारी येऊन उभा राहणारच आहे, रोज राहतो. मला तर एका पांढऱ्या कारवाल्याची ओळख अशीच झालीय, आधी कट मारायचा, आता काच खाली करून विचारतो, काय ताई आज उशीर?

राहिला रोड टॅक्स. तुम्ही गाडी घेताना जो भरता तो वाहन कर, 1958 च्या कायद्याने राज्य सरकारच्या तिजोरीत जातो. शहरातले रस्ते मुख्यतः महापालिकेचे, आणि महापालिकेचा पैसा घरपट्टीपासून सुरू होतो, ती सायकलवालाही भरतो, भाड्याच्या खोलीत राहत असेल तर घरभाड्यातून भरतो. शिवाय सायकलला कधी करच नव्हता असंही नाही. माझ्या वडिलांच्या सायकलला नगरपालिकेचा पितळी बिल्ला असायचा, आणि दिवा नसला किंवा डबलसीट दिसले की पोलीस चाकातली हवा सोडायचे. वडील हे फार अभिमानाने सांगायचे, का ते मला अजून कळलेलं नाही.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सिंहगड रोडवरून सायकलने कॉलेजला जातो. मागच्या आठवड्यात पार्क केलेल्या कारचा दरवाजा अचानक उघडला, मी धडकून पडलो, मनगटाला क्रॅक. गाडीवाले काका उतरले आणि मलाच म्हणाले दिसत नाही का. लोक जमले, मी घाबरून निघून आलो. चूक माझी होती का? आणि आता काही करता येतं का?

उत्तर : चूक तुझी नाही रे. दरवाजा उघडणाऱ्याने मागे बघून उघडायचा असतो, मग तो ड्रायव्हर असो की मागे बसलेला पाहुणा. बंद दरवाजा कधी उघडेल हे तुला दिसणार कुठून?

पहिली गोष्ट, एक्सरे, पावती, डॉक्टरांचा कागद सगळं जपून ठेव, आणि गाडीचा नंबर आठवत असेल तर आत्ताच लिहून काढ. नंतर पोलीस स्टेशनला जाऊन तक्रार दे, एकटा जाऊ नकोस, घरातलं कुणीतरी मोठं बरोबर घे. बेदरकार गाडी चालवण्याला भारतीय न्याय संहितेचं कलम 281 आहे, जुनं आयपीसीचं 279, आणि हयगयीने दुसऱ्याला इजा केली तर 125. तुझ्यासारख्या केसमधे बहुधा हे दुसरं बघतात, पण कलम लावायचं काम पोलिसांचं, तू फक्त काय झालं ते क्रमाने सांग. नुकसानभरपाईचा रस्ता वेगळा, तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जातो. खूप जणांना वाटतं की आपल्या सायकलला इन्शुरन्स नाही म्हणजे आपल्याला काही मिळणार नाही. उलट आहे. थर्ड पार्टी विमा गाडीवाल्याला सक्तीचा आहे तो याच्यासाठीच, आणि त्यातली थर्ड पार्टी म्हणजे तू. धडक देऊन गाडी पळूनच गेली आणि सापडलीच नाही तरी 2022 पासूनच्या सरकारी योजनेत गंभीर दुखापतीला 50 हजार आणि मृत्यू झाला तर वारसांना 2 लाख मिळतात.

पुढच्या वेळी (न येवो) तिथून निघायच्या आधी फोटो काढ, नंबरप्लेट दिसेल असा, आणि 112 ला फोन कर. त्या क्षणी आपल्याला लाज वाटते, सगळे बघत असतात, आपण कपडे झटकून "काही नाही, काही नाही" म्हणत निघतो. मी पण असंच केलंय. राजाराम पुलाजवळ एका गाडीचा आरसा माझ्या हँडलला लागला होता, गुडघा फुटला होता आणि मी चक्क त्या माणसाला सॉरी म्हणाले!

आणि चालवताना उभ्या गाड्यांपासून दरवाजाभर अंतर ठेव, साधारण एक मीटर. गाडीत डोकं दिसतंय, ब्रेकलाइट आत्ताच विझलाय, पुढची चाकं वळलेली आहेत, अशा खुणा बघायची सवय लागते हळूहळू. कारवाल्यांना माझी एकच विनंती, दरवाजा लांबच्या हाताने उघडा. म्हणजे आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो तर त्याने डाव्या हाताने. आपोआप अंग वळतं आणि मान मागे जाते. नेदरलँड्समधे ही जुनी सवय आहे. मी सासूबाईंना शिकवली, आता त्या रिक्षातून उतरतानाही वळून बघतात, रिक्षाला दरवाजा नसतो तरी.

प्रश्न : सगळं ठीक, पण सायकलवाले सिग्नल तोडतात, राँग साइडने येतात, वनवेत घुसतात त्याचं काय? त्यांना कायदा नाही का? – एक त्रस्त वाचक

उत्तर : तोडतात. आणि चुकतात. सायकलला नंबरप्लेट नाही त्यामुळे कॅमेऱ्याचं चलान घरी येत नाही, याचा फायदा सगळे घेतात, हेल्मेट घातलेले जास्तच. मघाशी ते 281 सांगितलं ना, त्यात वाहन म्हटलंय, मोटार म्हटलेलं नाही, म्हणजे सायकल बेदरकार चालवून एखाद्या आजीला पाडलंत तर तेही त्यात बसतं. राँग साइडने येणाऱ्या सायकलवाल्याची बाजू मी घेणार नाही, कारण त्याला चुकवायला मलाच ट्रॅफिकमधे आत जावं लागतं.

प्रश्न : मॅडम नमस्कार. मी एसटीत ड्रायव्हर आहे, 22 वर्षं झाली. ताम्हिणी घाटातून गाडी असते. पावसाळ्यात शनिवार-रविवारी सायकलवाल्यांचे घोळकेच्या घोळके येतात, दोघं दोघं तिघं तिघं गप्पा मारत चालवतात, धुकं असतं, वळणावर एकदम पुढ्यात येतात. आम्ही 40-50 माणसं घेऊन चाललेलो असतो. काही झालं की पब्लिक आधी ड्रायव्हरला धरतं. आमचं पण कुणीतरी लिहा.

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र मी आमच्या रविवारच्या ग्रुपवर जसंच्या तसं टाकलं. दोन जण रागावले, बाकीचे गप्प बसले, म्हणजे पटलंय.

सायकलवाल्यांनी हा हिशोब समजून घ्या. बस अडीच मीटर रुंद. दोन पदरी रस्ता धरला तर सात मीटर. समोरून दुसरी बस आली की दोघींचे पाच गेले, उरले दोन मीटर, त्यात दोन्ही बाजूची कड, दोन बसमधली फट आणि तुम्ही. बसत नाही हो. म्हणजे ड्रायव्हरला तुमच्या मागे थांबायलाच हवं, आणि चढावर तुम्ही ताशी आठने चाललेले असता, मागे बसमधे कुणाची तरी माणगावची पुढची गाडी चुकत असते. त्यामुळे घाटात एकामागे एक चाला. वीस जणांचा घोळका असेल तर चार-पाच जणांच्या तुकड्या करा आणि दोन तुकड्यांत बस मावेल एवढी जागा सोडा म्हणजे त्यांना टप्प्याटप्प्याने पुढे जाता येईल. रस्ता जरा रुंद झाला की बाजूला होऊन हात दाखवा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा, धुक्यात काळा रेनकोट म्हणजे अंधारात अंधार. आणि वळणावर बसच्या डाव्या बाजूने घुसायचं नाही म्हणजे नाही, मागचं चाक पुढच्या चाकाच्या रेघेवरून येत नाही, आत कापत येतं, आणि ड्रायव्हरला आरशात त्या जागी तुम्ही दिसतच नाही.

आता तुम्हाला एक सांगू का भाऊ? हॉर्न. तुमचा हॉर्न पाठीमागे दहा फुटांवर वाजला की हातातलं हँडल हलतं, एकदम हलतं. तोच पन्नास मीटर लांबून एकदा बारीक दिलात तर आम्ही आपणहून कडेला होतो. आणि उतारावर ओव्हरटेक नका करू, तिथे सायकलही चाळीस-पन्नासने जात असते. बस शेजारून गेली की वाऱ्याचा आधी बाहेर धक्का बसतो आणि मग आत ओढ लागते, ते तुम्हाला वरच्या सीटवर कळत नाही. तुमच्यातले जे जुने ड्रायव्हर दांडगं अंतर ठेवून जातात त्यांना आम्ही हात करतो. दिसतो का तो आरशात?

या सगळ्या पत्रांमधे एक गोष्ट मला खटकली. सायकलवाला म्हणजे हेल्मेट, गॉगल, पन्नास हजारांची सायकल असंच सगळ्यांनी धरलेलं. रात्री दहाला शिफ्ट सुटल्यावर हडपसर नाहीतर भोसरीच्या रस्त्यावर जी माणसं सायकलवर असतात, कंपनीतले कामगार, वॉचमन, त्यांचं एकही पत्र नाही. ते कुणाशी हुज्जतही घालत नाहीत, ते नुसते कडेला सरकतात. आमच्या सोसायटीचे वॉचमन काका गडद निळा स्वेटर घालून येतात, सायकलला दिवा नाही. मागच्या महिन्यात आम्ही रिफ्लेक्टरची टेप आणली आणि त्यांच्या मडगार्डला, पॅडलला आणि डब्याच्या पिशवीला चिकटवली, पाव तासाचं काम. पॅडलची टेप सगळ्यात छान, वरखाली होते ना, त्यामुळे लांबूनच कळतं सायकल आहे. दुसऱ्या दिवशी काका म्हणाले, मॅडम, काल एक डंपर चक्क लांबून गेला.

प्रश्न : एवढे सायकल ट्रॅक बांधलेत ना? मग त्यावरून जा की! – नाव नाही

उत्तर : जाते की. तुम्ही पण या एकदा. 2006 ला बीआरटी (बससाठी वेगळी लेन) आली तेव्हापासून पुण्यात ट्रॅक होतायत, 2017 च्या डिसेंबरमधे महापालिकेच्या मुख्य सभेने अख्खा सायकल आराखडा मंजूर केला, सगळं बरोबर. माझ्या रोजच्या वाटेवरचा तुकडा सांगते. सुरुवातीला बाइक घुसू नये म्हणून खांब रोवलेत, ते इतके जवळ की हँडल अडकतं आणि बाइकवाले शेजारच्या फुटपाथवरून चढून पुढे आत येतात. मग विजेची डीपी. मग वडापावची गाडी, वडा चांगला असतो त्यामुळे मी फार बोलत नाही. मग झाड, ते आधीपासूनचं आहे, त्याचा काही दोष नाही. आणि शेवटी ट्रॅक जिथे रस्त्याला मिळतो तिथे उतारच नाही, नऊ इंचाची पायरी. उतरून सायकल उचलून खाली ठेवायची. माझी चौदा किलोची आहे, मी उचलते. आमचा सिलेंडरवाला त्याच वाटेने येतो, कॅरिअरला दोन भरलेल्या टाक्या लावून, एकेका टाकीत नुसता गॅसच 14.2 किलो, लोखंडाचं वजन वेगळं. तो मेन रोडनेच जातो.