विधेयक अजून मंजूर झालेले नाही, तरी महापालिकेचे काम का अडते?

तुमचा प्रश्न असा आहे की, राज्य शासन महापालिकांविषयी एखादे विधेयक आणणार असल्याची नुसती बातमी आली तरी महापालिकेतील कामे रेंगाळू लागतात. कायदा झालेलाच नसताना असे का व्हावे? मी एका महापालिकेच्या लेखा विभागात बरीच वर्षे नोकरी केली आणि २०२२ मध्ये काही आठवडे निवडणूक शाखेत हरकतींच्या नोंदी घेण्याचे कामही केले, त्यामुळे जे जवळून पाहिले त्याच्या आधारे उत्तर देतो.

मूळ गोष्ट अशी की, महापालिकेला स्वतःच्या मालकीचा म्हणावा असा अधिकार जवळजवळ नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने (अंमल १ जून १९९३ पासून) नागरी स्थानिक संस्थांना संविधानात स्थान मिळाले आणि बाराव्या अनुसूचीत अठरा विषयांची यादीही आली, परंतु त्यांतील कोणते अधिकार द्यायचे, कोणते कर बसवू द्यायचे, हे राज्य विधिमंडळाने कायद्याने ठरवायचे आहे. तेथील भाषा ‘देता येतील’ अशी आहे, ‘द्यावेच लागतील’ अशी नाही. मुंबईचा कारभार १८८८ च्या अधिनियमावर चालतो, तर राज्यातील उर्वरित महापालिका १९४९ च्या अधिनियमाखाली येतात. त्यामुळे या दुसऱ्या अधिनियमातील एका कलमात दोन शब्द बदलले, तरी कोल्हापूरपासून नागपूरपर्यंतच्या सर्व महापालिकांना ते एकाच दिवशी लागू होतात आणि त्यासाठी कोणत्याही महासभेची, म्हणजे सर्व नगरसेवकांच्या सभेची, संमती घ्यावी लागत नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण प्रभागरचनेचे आहे. पुणे महापालिकेची २०१७ ची निवडणूक चार सदस्यांच्या प्रभागांनी झाली. ४१ प्रभाग आणि १६२ नगरसेवक होते. २०१९ च्या अखेरीस आलेल्या नव्या सरकारने कायदा बदलून एकसदस्यीय प्रभाग आणले, २०२१ मध्ये त्याच सरकारने ते बदलून तीन सदस्यांचे केले, आणि त्यानुसार पुण्याचा ५८ प्रभागांचा व १७३ सदस्यांचा आराखडा तयार झाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये महापालिकांचे प्रारूप आराखडे हरकती व सूचनांसाठी जाहीर झाले. माझी ओळख नेमकी याच टप्प्याशी आहे. भिंतीवर नकाशे टांगलेले असत, लोक बोटाने आपली इमारत शोधत आणि नाल्यापलीकडचा प्रभाग आपल्याला लागल्याचे लक्षात आले की तिथेच उभ्या उभ्या अर्ज लिहीत. प्रत्येक अर्जाला आवक क्रमांक, शिक्का, नोंदवहीत एक ओळ. मग सुनावणीचे पत्र.

इकडे ३ मार्च रोजी इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाबाबतचा राज्याचा अंतरिम अहवाल सर्वोच्च न्यायालयाने नाकारला. या आरक्षणाशिवाय निवडणूक घ्यावी लागू नये म्हणून ७ मार्च रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी एकमताने विधेयक मंजूर करून प्रभागरचनेचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून शासनाकडे घेतला. त्याच दिवशी मुंबई महापालिकेची मुदत संपली, आठवडाभरात पुण्याचीही संपली, आणि दोन्हीकडे प्रशासक आले. आमच्या नोंदवह्या बासनात बांधून कपाटात गेल्या. पुढे ४ मे रोजी न्यायालयाने या विधेयकाआधीच्याच रचनेवर निवडणूक प्रक्रिया पुढे नेण्यास सांगितल्यावर त्या पुन्हा बाहेर निघाल्या, आणि ऑगस्टमध्ये सत्तांतरानंतर आलेल्या सरकारने कायदा पुन्हा बदलून २०१७ ची पद्धत आणली तेव्हा परत कपाटात गेल्या. मुंबईची सदस्यसंख्या त्याआधी २२७ वरून २३६ केली होती, तीही पुन्हा २२७ झाली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घेण्याचा आदेश दिला, तरी महापालिकांचे मतदान प्रत्यक्षात जानेवारी २०२६ मध्ये झाले. पुण्यात शेवटी प्रभाग ४१ आणि सदस्य १६५. वास्तविक पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झाली पाहिजे, हे संविधानातच लिहिलेले आहे आणि राज्याच्या कायद्याला ते बदलता येत नाही. पण निवडणूक ज्या रचनेवर घ्यायची ती रचना मात्र राज्याच्या कायद्याच्या हाती असते.

अशा काळात महापालिका बंद पडते असे नाही. कचरा उचलला जातो, पाणी सुटते, पगार होतात. महासभा आणि स्थायी समिती यांचे अधिकार प्रशासक वापरतो, अर्थसंकल्पही तोच मांडतो आणि तोच मंजूर करतो. अडते ते जिथे निवड करायची असते तिथे. एखाद्या भागातील भाजी मंडई की दवाखाना, यावर भांडणारा नगरसेवक नसतो, आणि दोन महिन्यांनी प्रभागाची हद्दच बदलणार असेल, तर कोणता अधिकारी हद्दीवरच्या कामाची फाईल हौसेने पुढे सरकवेल? मी त्यांना दोष देत नाही. मीही तेच केले असते.

पैशाच्या बाजूने परिणाम अधिक खोल असतो, मात्र तो रस्त्यावर दिसत नाही. मुंबईत जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर, १ जुलै २०१७ पर्यंत होती. नाक्यांवरचा भरणा रोज जमा होत असे. महापालिकेचा तो स्वतःच्या हातातला रोख पैसा होता. वस्तू व सेवा कर आल्यावर राज्याने भरपाईचा स्वतंत्र कायदा केला, २०१६-१७ हे आधारवर्ष धरून दरवर्षी ८ टक्के वाढ देण्याचे ठरले आणि पहिल्या महिन्याचा सुमारे ६४७ कोटी रुपयांचा धनादेश महापालिकेला मिळाला. रक्कम चांगली होती, हे मान्य केले पाहिजे. तरीही जमेच्या बाजूस जिथे स्वतःच्या वसुलीचा आकडा होता, तिथे राज्याकडून येणाऱ्या रकमेची ओळ आली, आणि लेखा विभागात बसणाऱ्याला या दोहोंतील फरक कोणी समजावून सांगावा लागत नाही.

करमाफीच्या घोषणेचा परिणाम तर कायद्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. घोषणा टीव्हीवर झाली की दुसऱ्या दिवशी भरणा केंद्रावर माणूस विचारतो, ‘माफ होणारच आहे, तर आत्ता कशाला भरू?’ या प्रश्नाला कारकुनाकडे उत्तर नसते, कारण विधेयकाचा मसुदा त्यानेही पाहिलेला नसतो. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ झाल्याचे २०१९ मध्ये सर्वांनी ऐकले, परंतु मालमत्ता कर हा अनेक घटकांचा मिळून होतो आणि त्या वेळच्या दुरुस्तीत त्यांपैकी केवळ ‘सर्वसाधारण कर’ माफ होता. उरलेले घटक देयकात तसेच राहिले, आणि लोकांना आपली फसवणूक झाली असे वाटले. पूर्ण माफी मिळाली ती १ जानेवारी २०२२ पासून.

म्हणून पुढच्या वेळी अशी बातमी वाचाल तेव्हा भाषणांपेक्षा विधेयकाचा मसुदा पाहा. विधिमंडळात मांडल्यावर तो उपलब्ध होतो. उद्देश व कारणे यांचे निवेदन शेवटी छापलेले असते, ते आधी वाचावे. त्यानंतर तीन गोष्टी शोधाव्यात: अंमल कोणत्या तारखेपासून, ‘शासन ठरवील त्याप्रमाणे’ हे शब्द किती ठिकाणी आले आहेत, आणि आधीच सुरू झालेल्या प्रक्रियेचे काय होणार हे सांगणारे कलम आहे का. मार्च २०२२ च्या विधेयकात आम्ही हरकती नोंदवणारे लोक हे शेवटचे कलमच सर्वांत आधी शोधत होतो.