घुबडाच्या पंखांचा आवाज का येत नाही?

प्रश्न : दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या वाड्याच्या माळ्यावर पांढऱ्या तोंडाचं घुबड राहतं. दिवेलागणीला ते गच्चीत अगदी डोक्यावरून जातं, तरी चाहूल लागत नाही. कबुतर उठलं की मात्र केवढी फडफड! असं का? त्याचं एक पीस गच्चीत पडलं आहे, ते ठेवून घेतलं तर चालेल का?
— एक वाचक, बडोदे

उत्तर : तुमच्याकडे आहे ते गव्हाणी घुबड. पहिलं कारण पिसांत नाही, पंखांच्या आकारात आहे, आणि नेमकं तेच सांगायचं राहून जातं. वजनानं हे घुबड कबुतराच्या आसपासच, पण कबुतराचे पसरलेले पंख साधारण 65 सेंटीमीटर भरतात, तर याचे 85 ते 95. एवढ्या रुंद पंखांवर वजन हलकं पेललं जातं, त्यामुळे ते सावकाश, बरंचसं तरंगत उडतं. वेग कमी, म्हणून वाऱ्याचा आवाजही कमी.

उरलेलं काम पिसं करतात. पंखाच्या अगदी टोकाकडच्या लांब पिसाची पुढची कडा फणीसारखी असते. दाते जेमतेम दोनेक मिलिमीटरचे, किंचित वळलेले. पिसांच्या वरच्या बाजूला मखमलीसारखी लव असते, त्यामुळे पिसं एकमेकांवर घासली तरी खरखर होत नाही. मागची कडा उपरण्याच्या दशांसारखी सुटी आणि मऊ असते. पंखाच्या वरून आणि खालून येणारी हवा याच कडेशी एकत्र येते, आणि सर्वांत जास्त आवाज तिथंच व्हायचा असतो. आवाज अगदी शून्य होत नाही. मुख्यतः 2 किलोहर्ट्झच्या वरचा, म्हणजे उंच पट्टीचा आवाज दबतो. उंदराचे कान त्याच पट्ट्यात तिखट असतात, आणि घुबडही उंदराची खसफस तिथंच टिपतं. म्हणजे सावज सावध होत नाही आणि शिकाऱ्याच्या कानाशी स्वतःच्याच पंखांचा गोंगाट राहत नाही. मासे पकडणाऱ्या घुबडांना या बंदोबस्ताची गरज नाही; पाण्यातल्या माशाला हवेतली फडफड कुठली ऐकू येणार? त्यांच्या पिसांवर फणी आणि लव फारशी नसते. मखमलीची किंमतही आहे : गव्हाणी घुबडाची पिसं पावसात चटकन भिजतात.

पीस मात्र घरात ठेवू नका. घुबडाला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. पीस जागेवरच पाहा, फोटो घ्या. शेजारी कबुतराचं पीस ठेवून भिंगातून, तिरप्या उजेडात दोन्हींच्या कडा ताडून बघा. फणी दिसली नाही तर गोंधळू नका. पीस पंखाच्या आतल्या बाजूचं असेल. लव आणि दशा तरीही दिसतील.

आणि माळ्यावरून रात्री घोरल्यासारखा, फुसफुसणारा आवाज येत असेल तर ती भुकेली पिलं आहेत. माळ्याचं भोक इतक्यात बुजवू नका. पिलं साधारण दोन महिन्यांची झाली की उडू लागतात. त्यानंतरही काही दिवस ती तिथंच झोपायला येतात, तेव्हा दुरुस्तीचं काम ती कायमची गेल्यावरच काढा.