हम्पची विमानं शोधायचीत? आधी एवढं करा

हम्प म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला, हिमालयाच्या पूर्व टोकावरून भारतातून चीनला जाणारा हवाई रसदमार्ग. त्यावर पडलेली विमानं शोधायचा उत्साह छान आहे, पण अरुणाचलचं तिकीट इतक्यात काढू नका. आधी कागद. १९४२ ते १९४५ दरम्यान आसामातल्या चबुआ, दिनजानहून चीनमधल्या कुनमिंगला रसद नेताना शेकडो विमानं कोसळली किंवा बेपत्ता झाली. बेपत्ता विमानांचे अमेरिकी लष्करी अहवाल आता खुले आहेत. एकच विमान निवडा नि त्याचाच पिच्छा पुरवा.

नवशिके हमखास अडखळतात ते इथे:

- शेपटीवरचा क्रमांक. क्रमांकाच्या सुरुवातीला वर्ष असतं (१९४२ साठी ४२), पण त्या वर्षाचा पहिला आकडा शेपटीवर रंगवत नसत. कागदावर ४२ ने सुरू होणारा क्रमांक शेपटीवर २ ने सुरू होतो.
- इंजिन. दोन इंजिनांच्या मालवाहू विमानात प्रत्येकी १४ सिलिंडर असतील तर बहुधा सी-४७, १८ असतील तर सी-४६. शेपूट सापडेलच असं नाही, इंजिन मात्र टिकतं.
- उपग्रहचित्रं. दाट रानाखालचं काही दिसत नाही, उगाच डोळे फोडू नका. गावातल्या शिकाऱ्यांना विचारा.

अरुणाचलात जायला लागणारा परवाना, म्हणजे इनर लाइन परमिट, काढाच. आणि आठवण म्हणून पत्र्याचा तुकडाही उचलायचा नाही (हा मोह भल्याभल्यांना होतो). हाडं दिसली तर हात न लावता जागेची नोंद करा, जिल्हा प्रशासनाला कळवा. ड्रोन, मेटल डिटेक्टर वगैरे नंतर बघू.